सोलापुरातून पहिल्या सॉफ्टवेअर नोकरीकडे: टेक्निकल राउंडची तयारी कशी करावी

सेमिस्टरच्या डेटाबेसच्या पेपरात ‘ट्रान्झॅक्शन म्हणजे काय’ असं विचारलं की व्याख्या लिहायची, अ‍ॅसिडचे (डेटाबेसमधले व्यवहार बिनचूक राहावेत म्हणून पाळायचे) चार गुणधर्म लिहायचे, एक आकृती काढायची. मार्क मिळतात. टेक्निकल राउंडमध्ये, म्हणजे नोकरीच्या तांत्रिक मुलाखतीत, तोच प्रश्न असा येतो: ‘तुमच्या तिकीट बुकिंगच्या प्रोजेक्टमध्ये दोघांनी एकाच क्षणी एकच सीट बुक केली तर काय होईल?’ व्याख्या तोंडपाठ असलेला मुलगा इथे गप्प होतो. उत्तर त्याला येतच असतं, फक्त त्या धड्याचा आपल्या प्रोजेक्टशी संबंध आहे हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

सोलापुरातली बरीच मुलंमुली अडखळतात ती इथे. अभ्यास कमी पडत नाही. चार वर्षं लिहून पेपर दिलेले असतात आणि मुलाखतीत बोलत बोलत विचार करायचा असतो. ही सवय लावता येते, पण निकाल लागेपर्यंत थांबू नये. सातव्या सेमिस्टरच्या आधीच्या सुट्टीत सुरुवात केली तर वेळ पुरतो. पदवी हातात असलेल्यांनी आजपासून मोजून बारा आठवडे धरावेत.

आधी राउंड ओळखा

फ्रेशरच्या, म्हणजे अनुभव नसलेल्या उमेदवाराच्या, भरतीचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच: ऑनलाइन टेस्ट, एक किंवा दोन टेक्निकल राउंड, मग एचआर. हजारोंनी भरती करणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये ऑनलाइन टेस्टलाच सर्वांत जास्त लोक गळतात. टीसीएसची नॅशनल क्वालिफायर टेस्ट हे त्याचं ओळखीचं उदाहरण. अशा टेस्टमध्ये गणित, तर्क, इंग्रजी आणि कोडिंग असे भाग असतात. तिथला टेक्निकल राउंड बहुधा रेझ्युमे, प्रोजेक्ट, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग) यांच्यावर चालतो. स्वतःचं प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपन्यांत भर डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडायच्या रचना) आणि अल्गोरिदम (उत्तर काढायच्या पद्धती) यांच्यावर असतो. पाऊण ते एक तासात एक किंवा दोन प्रश्न, आणि कोड समोरच्याच्या डोळ्यांदेखत लिहायचा. दहा-वीस जणांच्या छोट्या कंपनीत कधी कधी थेट काम देतात: ‘एवढं एपीआय बनवून दोन दिवसांत पाठवा’ (एपीआय म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला आपली सेवा वापरू देणारा कोड), आणि मग त्याच कोडवर प्रश्न विचारतात.

पात्रतेच्या अटी टेस्टच्या आधीच वाचा. दहावी, बारावी आणि पदवीला किमान टक्के, चालू बॅकलॉग (नापास राहिलेला विषय) नको, शिक्षणातल्या खंडाची मर्यादा, अशा अटी सर्रास असतात. सीजीपीएचे टक्के करायचे असतील तर विद्यापीठाने दिलेलंच सूत्र वापरा आणि सगळ्या फॉर्मवर तोच आकडा भरा. एका ठिकाणी ६८.४ आणि दुसरीकडे ७० भरलेलं असेल तर कागदपत्रांच्या तपासणीत ते सापडतं, आणि तेव्हा ऑफर हातातून जाऊ शकते.

बारा आठवड्यांचं काम

भाषा एकच घ्या. जावा, पायथन, सी प्लस प्लस यांपैकी जिच्यात ऑटोकम्प्लीटशिवाय दहा मिनिटांत पन्नास ओळी लिहिता येतात, ती तुमची भाषा. अनेक टेस्टच्या एडिटरमध्ये सूचना बंद असतात. पुण्यातला मित्र पायथनमध्ये करतो म्हणून शेवटच्या महिन्यात जावा सोडणाऱ्याला दोन्ही भाषा अर्ध्या येतात.

रोज दोन तास धरले तर क्रम असा ठेवावा. पहिले तीन आठवडे अ‍ॅरे, स्ट्रिंग (मजकूर) आणि हॅशमॅप (किल्ली दिली की तिची नोंद लगेच काढून देणारी रचना). फ्रेशरला येणारे बहुतेक प्रश्न या तिघांतच असतात, म्हणून इथे घाई नको. चौथ्या-पाचव्या आठवड्यात टू पॉइंटर, स्लायडिंग विंडो, बायनरी सर्च. मग दोन आठवडे स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट. आठवा-नववा आठवडा रिकर्शन आणि ट्री, दहावा ग्राफमधल्या बीएफएस आणि डीएफएस या शोधायच्या पद्धती. अकराव्यात डायनॅमिक प्रोग्रामिंगची तोंडओळख पुरे. बारावा आठवडा फक्त मॉक (सरावाच्या) मुलाखतींसाठी राखून ठेवा.

एकूण १२० ते १५० प्रश्न नीट सुटले तर पुरे. लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवर सोपे, मध्यम आणि कठीण अशा तीन पातळ्या आहेत. सुरुवातीला सोपे, पाचव्या आठवड्यापासून निम्मे मध्यम. कठीणच्या मागे फ्रेशरने लागू नये. चारशे प्रश्न ‘केले’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी व्हिडिओ बघून उत्तरं उतरवलेली असतात. मुलाखतीत प्रश्नातली एक अट बदलली की ते उघडं पडतं.

एका प्रश्नावर तीस मिनिटं स्वतः झगडा. सुटला नाही तर उत्तर वाचा, पान बंद करा आणि पुन्हा कोऱ्या एडिटरमध्ये लिहा. तोच प्रश्न तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी परत सोडवा. एक वही करा आणि तिच्यात फक्त चुका लिहा: ‘लूप एकने जास्त फिरला’, ‘रिकामा अ‍ॅरे विसरलो’, ‘बेरीज इंटमध्ये मावली नाही’. महिन्याभरात दिसेल की आपण त्याच चार-पाच चुका फिरून फिरून करतो.

आकड्यांचा एक अंदाज मात्र पाठच हवा. साधारण संगणक सेकंदाला दहा कोटी साध्या क्रिया करतो असं धरा, पायथनसाठी त्याचा दहावा हिस्सा. इनपुटमध्ये एक लाख आकडे असतील आणि तुम्ही लूपमध्ये लूप घातला तर १,००० कोटी क्रिया होतात. ते वेळेत बसणार नाही. सॉर्ट करून काम भागत असेल तर सुमारे १७ लाख क्रिया, म्हणजे सहज बसतं. म्हणून प्रश्नात दिलेली इनपुटची मर्यादा आधी वाचायची. कोणती पद्धत चालेल हे ती मर्यादाच सांगते. तसंच, ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक साठवायच्या नेहमीच्या प्रकारात) २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच आकडा मावतो. एक लाख आकडे, प्रत्येक एक लाखापर्यंत, यांची बेरीज १,००० कोटींपर्यंत जाऊ शकते. तिथे जावामध्ये लाँग, सी प्लस प्लसमध्ये लाँग लाँग वापरला नाही तर उत्तर चुकतं आणि एररही दिसत नाही.

ऑनलाइन टेस्टमध्ये मार्क कुठे जातात

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘एंटर द नंबर’ असं स्क्रीनवर छापायची सवय लागलेली असते. टेस्टमध्ये आउटपुट मशीन तपासतं. मागितलेल्याहून एक शब्द जास्त छापला की बरोबर लॉजिकलाही शून्य. जावामध्ये क्लासचं नाव प्लॅटफॉर्मने दिलंय तेच ठेवा. इनपुट मोठं असेल तर स्कॅनरऐवजी बफर्ड रीडर वापरा, नाहीतर कोड बरोबर असूनही वेळेची मर्यादा ओलांडतो.

लपवलेल्या टेस्ट केसेसना (कोड तपासायच्या इनपुटांना) बऱ्याच ठिकाणी अर्धवट मार्क असतात. म्हणून साधी, हळू चालणारी पद्धत आधी लिहून सबमिट करा आणि मग सुधारत बसा. निगेटिव्ह मार्किंग आहे का, आणि एका भागातून पुढे गेल्यावर मागे येता येतं का, हे सूचनांच्या पानावर लिहिलेलं असतं. ती दोन मिनिटं वाचवू नका.

एक प्रश्न, पहिल्या मिनिटापासून

मुलाखतीत नेमकं काय करायचं ते एका प्रश्नावर पाहू. समजा प्रश्न असा आला: ‘गोदामात चादरींच्या गाठी आहेत. प्रत्येक गाठीचं वजन दिलंय. अशा दोन गाठी शोधा ज्यांचं वजन मिळून बरोबर १०० किलो भरेल.’

पहिली तीन-चार मिनिटं कोडला हात लावायचा नाही. प्रश्न विचारायचे. वजनं पूर्णांकात आहेत का? एकच गाठ दोनदा धरता येईल का? उत्तरात वजन हवं की गाठीचा क्रमांक? अशा दोन जोड्या निघाल्या तर कोणतीही एक चालेल? एकही नसेल तर काय परत करायचं? गाठी किती असतील, शंभर की दहा लाख? आपल्याकडे मोठ्यांना उलट प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, म्हणून मुलं हे सगळं मनातच गृहीत धरतात. या खोलीत मात्र न विचारण्याचे मार्क कापले जातात. प्रश्न मुद्दाम अर्धवट सांगितलेला असतो, आणि तुम्ही विचारता का हेच बघायचं असतं.

दुसरी पायरी, छोटं उदाहरण कागदावर घ्या: ३०, ५०, २०, ७०. उत्तर ३० आणि ७०.

तिसरी पायरी, साधी पद्धत मोठ्याने सांगा. प्रत्येक गाठ उरलेल्या प्रत्येक गाठीशी जोडून बघायची. दोन लूप, वेळ एन स्क्वेअर, म्हणजे एन गाठींसाठी साधारण एन गुणिले एन क्रिया. ही पद्धत सांगण्यात कमीपणा नाही. उलट ती सांगितली की तुम्हाला प्रश्न कळलाय याची समोरच्याला खात्री पटते.

चौथी पायरी, ती सुधारा. कोणतीही गाठ हातात घेतली की तिची जोडीदार किती किलोची हवी ते आधीच ठरलेलं आहे: १०० वजा हे वजन. ती आपण आधी पाहिली होती का, एवढंच विचारायचं. ‘आधी पाहिलं होतं का’ हे शब्द ऐकले की हॅशमॅप आठवायचा. पाहिलेलं प्रत्येक वजन त्याच्या क्रमांकासह मॅपमध्ये टाकत जायचं. सरासरी वेळ एन, जादा जागाही एन. हे बोलून ‘असं लिहू का?’ असं विचारा. होकार आला की मगच टाइप करा.

पाचवी पायरी कोडची, आणि त्यातला कळीचा मुद्दा क्रमाचा आहे. आधी मॅपमध्ये शोधायचं, मग चालू गाठ टाकायची. ३० आली, ७० मॅपमध्ये नाही, ३० टाकली. ५० आली, जोडीदार ५० हवी, ती नाही, मग ५० टाकली. हाच क्रम उलटा केला असता, म्हणजे ५० आधी टाकून मग शोधली असती, तर तिला स्वतःचीच जोडी सापडली असती आणि एकाच गाठीला १०० किलो म्हणून उत्तर आलं असतं. पुढे २० आली, ८० नाही. ७० आली, ३० आहे. सापडली.

सहावी पायरी बहुतेक जण गाळतात: लिहून झाल्यावर ‘झालं सर’ म्हणून हात मागे घेतात. त्याऐवजी वरचं उदाहरण कोडच्या ओळींवरून बोट फिरवत चालवा. मग कडेची उदाहरणं घ्या: एकही गाठ नाही, एकच गाठ, ५० च्या दोन गाठी, जोडीच नाही. चूक सापडली तर शांतपणे दुरुस्त करा. तुम्ही स्वतः पकडलेली चूक तुमच्या बाजूने मोजली जाते, त्यांनी दाखवलेली विरुद्ध बाजूने.

यानंतर अट बदलेल, आणि खरी परीक्षा तिथे आहे. ‘जादा जागा वापरायची नाही’ असं म्हटलं तर वजनं सॉर्ट करा: २०, ३०, ५०, ७०. एक बोट सुरुवातीला, एक शेवटी. २० आणि ७० चे ९० झाले, कमी पडले, डावं बोट पुढे. ३० आणि ७०, जमलं. पण सॉर्ट केल्यावर मूळ क्रमांक हरवतात, हे तुम्ही होऊन सांगा. ‘सगळ्या जोड्या मोजा’ म्हटलं तर मॅपमध्ये क्रमांकाऐवजी ते वजन किती वेळा आलं ती संख्या ठेवा. ‘गाठी ट्रकमधून एकेक उतरत असतील, पुढच्या किती ते ठाऊक नाही’ म्हटलं तरी हॅशमॅपची पद्धत चालते, सॉर्टची अडते. उत्तर पाठ केलेल्याला हे तिन्ही नवे प्रश्न वाटतात. ज्याने चौथ्या पायरीला ‘का’ विचारलंय, त्याला तो एकच प्रश्न असतो.

हिंट मिळाली तर ती घ्या. समोरचा ‘सॉर्ट केलं तर?’ म्हणाला की तो मदत करतोय. आपलंच पुढे रेटलं की ‘याच्याबरोबर काम करणं अवघड’ असा शेरा पडतो. अडलात तर ‘मला दोन मिनिटं विचार करू द्या’ म्हणणं योग्यच आहे. मात्र पाच मिनिटांची शांतता वाईट, कारण तुमच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना लिहिता येत नाही आणि फॉर्मवरचा रकाना रिकामा राहतो.

एसक्यूएल आणि थिअरी

फ्रेशरच्या मुलाखतीत एसक्यूएल जवळजवळ नेहमीच येतं आणि त्याचीच तयारी सर्वांत कमी असते. ‘दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा’ हा जुनाच प्रश्न घ्या. उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलली तर पहिल्या पगाराचे दोघे असताना उत्तर चुकतं. सर्वांत मोठ्या पगाराहून लहान असलेल्यांत सर्वांत मोठा काढा, किंवा डेन्स रँक (सारख्या पगारांना एकच क्रमांक देणारं फंक्शन) वापरा. लेफ्ट जॉइनचा (डाव्या टेबलमधल्या सगळ्या ओळी ठेवणाऱ्या जोडणीचा) सापळाही तितकाच नेहमीचा. ऑर्डर नसलेले ग्राहकही दिसावेत म्हणून लेफ्ट जॉइन लावायचा आणि ऑर्डरच्या तारखेची अट व्हेअरमध्ये टाकायची. ऑर्डर नसलेल्यांची तारीख नल (रिकामी) असते, त्यामुळे ते सगळे गळतात. ती अट ऑनमध्ये हवी. नॉट इनच्या यादीत एक जरी नल आला तर एकही ओळ परत येत नाही, कारण नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर ‘अज्ञात’ असतं. तिथे नॉट एक्झिस्ट्स वापरा. काउंट स्टार सगळ्या ओळी मोजतो, काउंटमध्ये कॉलमचं नाव दिलं तर नल सोडून मोजतो. हे सगळं मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये पाच ओळींचं टेबल करून स्वतः चालवून बघा. वाचून ते डोक्यात राहत नाही.

इंडेक्सवर (ओळी पटकन शोधायच्या सूचीवर) उलट बाजूने प्रश्न येतो: ‘मग प्रत्येक कॉलमवर का नको?’ कारण प्रत्येक नवी ओळ टाकताना सगळे इंडेक्सही बदलावे लागतात, लिहिणं मंदावतं आणि जागा जाते. शहर आणि आडनाव या क्रमाने केलेला जोड इंडेक्स फक्त शहरावरच्या शोधाला मदत करतो, फक्त आडनावावरच्या शोधाला सहसा नाही. टेलिफोन डिरेक्टरीत आडनावाशिवाय नुसत्या नावाने माणूस शोधून बघा, कारण लगेच पटतं.

ओओपीच्या चार संकल्पनांसाठी गाडी आणि प्राणी यांची उदाहरणं रोज ऐकून मुलाखत घेणारे कंटाळलेले असतात. स्वतःच्या प्रोजेक्टमधला क्लास सांगा: पेमेंटचा एक इंटरफेस, त्याखाली यूपीआय आणि कार्ड असे दोन क्लास, म्हणजे पॉलिमॉर्फिझम (एकच हाक, प्रत्येक क्लासचं वेगळं वागणं) कुठे लागला ते दिसतं. जावावाल्यांनी स्ट्रिंगची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी का करू नये, इक्वल्स बदलला तर हॅशकोडही का बदलावा लागतो, आणि हॅशमॅप आतून कसा चालतो हे पक्कं करावं. तो सुरुवातीला १६ कप्प्यांचा असतो आणि पाऊण भरला की मोठा होतो. २०१४ च्या जावा ८ पासून एका कप्प्यातली साखळी फार लांबली की तिचा ट्री होतो.

ऑपरेटिंग सिस्टिममधून प्रोसेस-थ्रेडचा फरक आणि डेडलॉक (कामं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं). डेडलॉकच्या चार अटी सांगून थांबू नका, त्यातली एक कशी मोडतात ते सांगा. सगळ्यांनी लॉक ठरावीक क्रमानेच घेतले की गोल साखळी तयारच होत नाही. नेटवर्कमधून ‘ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं की काय होतं’ एवढं एक उत्तर नीट तयार केलं तरी बराच विषय येतो: डीएनएसकडून आयपी, टीसीपीची जोडणी, टीएलएसची देवाणघेवाण, एचटीटीपी रिक्वेस्ट, उत्तर, मग पान.

रेझ्युमे आणि प्रोजेक्ट

एक पान. फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, डिक्लरेशन यांतलं काही नको. दहा भाषांची नावं लिहू नका. लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, नसेल येत तर तो शब्द खोडा. ‘मशीन लर्निंग’ असं लिहून ओव्हरफिटिंग सांगता आलं नाही की उरलेल्या रेझ्युमेवरचाही विश्वास जातो.

फायनल इयरचा प्रोजेक्ट चौघांचा असतो. ‘आम्ही केलं’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तुम्ही काय केलं?’ आपला भाग नेमका सांगा: लॉगिन आणि बुकिंगची एपीआय माझी, स्क्रीन मित्राच्या. विकत घेतलेला प्रोजेक्ट दुसऱ्या ‘का’ला उघडा पडतो. त्यापेक्षा लहान पण स्वतःचा बरा. यंत्रमागाच्या कारखान्यातली मजुरी आणि हजेरी, मंगल कार्यालयाचं बुकिंग, मेसचं खातं असं आसपासचं खरं काम घेतलं की प्रश्न आपोआप खरे निघतात. गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) टाका, चालवायचं कसं ते रीडमीमध्ये लिहा, आणि पासवर्ड साध्या अक्षरांत साठवलेला नाही ना ते आधी तपासा. बीक्रिप्टसारखं हॅशिंग (उलट वाचता न येणारं रूपांतर) हवं.

आता सुरुवातीच्या सीटच्या प्रश्नाकडे येऊ. सीट रिकामी आहे का ते बघायचं आणि मग नोंद करायची, असा कोड बहुतेक प्रोजेक्टमध्ये असतो. बघणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात दुसराही ‘रिकामी’ असंच बघतो आणि दोन तिकिटं जातात. उपाय डेटाबेसवर सोपवायचा. शो आणि सीट या जोडीवर युनिक अट लावली की दुसरी नोंद एरर देऊन परत येते. तो एरर पकडून ‘सीट गेली, दुसरी निवडा’ असं दाखवायचं. किंवा ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ सिलेक्ट फॉर अपडेटने लॉक करायची. हे उत्तर दिलं की अ‍ॅसिडमधलं ‘आयसोलेशन’ (एका ट्रान्झॅक्शनचा दुसऱ्याशी गोंधळ न होणं) कशाला असतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

इंग्रजी

घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, मित्रांत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी, असं सोलापुरात अनेकांचं असतं. तीन भाषा बोलणाऱ्याला चौथीची भीती वाटायचं कारण नाही. टेक्निकल राउंडला लागणारी इंग्रजी वाक्यं तीस-चाळीसच आहेत: ‘कॅन द इनपुट बी एम्प्टी?’, ‘माय फर्स्ट अप्रोच इज…’, ‘लेट मी ड्राय रन धिस.’ रोज एक सुटलेला प्रश्न मोबाइलवर रेकॉर्ड करत मोठ्याने समजावून सांगा, पाच मिनिटं, आणि लगेच ऐका. पहिला आठवडा ऐकवत नाही. तिसऱ्या आठवड्यात अडखळणं कमी झालेलं स्वतःलाच ऐकू येतं. आठवड्यातून दोनदा मित्राबरोबर मॉक करा: एकाने विचारायचं आणि घड्याळ लावायचं, दुसऱ्याने बोलत लिहायचं, मग अदलाबदल. विचारणाऱ्याचाही तितकाच फायदा होतो, कारण गप्प बसलेला उमेदवार कसा दिसतो ते तेव्हा कळतं. व्याकरण चुकलं तर चालतं, वाक्य अर्ध्यात सोडू नका.

घरून मुलाखत असेल तर

जागा आदल्या दिवशी, त्याच वेळेला बसून तपासा. पूर्व भागात शेजारी माग चालू असतील तर ती खटखट माइक नेमकी पकडतो. जानेवारीत गड्ड्याचे (सिद्धेश्वर यात्रेचे) दिवस आणि लग्नसराईतला बँड हेही लक्षात ठेवा. शांत खोली नसेल तर जुळे सोलापूर, होटगी रोड किंवा विजापूर रोडला राहणाऱ्या मित्राकडे दोन तास मागून घ्या, यात संकोच नको. वायरचे हेडफोन वापरा, ब्लूटूथ ऐन वेळी तुटतं.

लाइट गेली तर लॅपटॉप चालतो पण राउटर बंद पडतो. १२ व्होल्टच्या राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर जुळवून बघा. तो नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून ठेवा आणि फोन पूर्ण चार्ज असू द्या. कॉल तुटलाच तर रिक्रूटरला लगेच एक ओळीचा मेसेज करा, पुन्हा जोडलं जातं. एप्रिल-मेमध्ये दुपारची वेळ मिळत असेल आणि सकाळची मागता येत असेल तर सकाळची मागा. चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात पत्र्याखाली लॅपटॉपही तापतो आणि डोकंही.

स्क्रीन शेअर करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि नोटिफिकेशन बंद करा. दुसऱ्या खिडकीत एआयला विचारून उत्तर देणं कळून येतं: नजर एकाच कोपऱ्यात जाते, उत्तर उशिरा पण गुळगुळीत येतं, आणि ‘ही ओळ का लिहिली’ याला उत्तर नसतं. सरावात त्याची मदत जरूर घ्या, मुलाखतीत नाही.

पुण्याला बोलावलं तर

अंतर सुमारे २५० किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईला जाणारी वंदे भारतही. वंदे भारत रोज धावत नाही, वार बघूनच तिकीट काढा. मुलाखत सकाळी दहाची असेल तर त्या दिवशीच्या गाडीवर विसंबू नका, आदल्या संध्याकाळी पोहोचा. पत्ता नीट वाचा. हडपसर-मगरपट्टा सोलापूर रस्त्यावरच, शहरात शिरायच्या आधी लागतं, खराडीही त्याच बाजूला. हिंजवडी मात्र पुण्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. स्टेशनवरून तिथे गर्दीच्या वेळी दीड तास हाताशी ठेवा.

फाइलमध्ये मूळ मार्कशीट, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, आधार, पॅन, फोटो आणि रेझ्युमेच्या तीन प्रती. पेन आणि कोरे कागदही न्या, काही ठिकाणी कोड कागदावरच लिहायला सांगतात. कागदावर ओळींमध्ये जागा सोडून लिहा, मधे ओळ घालावी लागतेच.

पैसे मागणाऱ्यांपासून लांब

नोकरीसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी, कशासाठीही आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. ‘बॅकडोअर’ने लावतो म्हणणारे आणि दोन वर्षांचा खोटा अनुभव विकणारे भेटतात. आई-वडिलांनी विडी वळून किंवा माग चालवून साठवलेले पैसे असे जाऊ देऊ नका. खोटा अनुभव पीएफच्या यूएएन (कर्मचाऱ्याचा कायमचा पीएफ क्रमांक) नोंदीत सापडतो, आणि नोकरी लागल्यावर वर्षभरानेसुद्धा काढून टाकतात. ऑफर लेटर आलं तर ईमेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का ते पाहा. बाँड असेल तर किती महिने आणि सोडल्यास किती रक्कम, हे सही करण्याआधी घरच्यांबरोबर बसून वाचा. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वर्षाचा खर्च) म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. ‘दरमहा हातात किती’ हे एचआरला सरळ विचारा.

मुलाखत संपल्यावर

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं येतं. ‘नो सर’ म्हणू नका. नव्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत काय काम देतात, कोडचा रिव्ह्यू कसा होतो, टीममध्ये किती जण आहेत, यांतलं एक विचारा.

बाहेर पडल्यावर तासाभरात वहीत सगळे प्रश्न उतरवा, शब्दांसकट. परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत हे काम उरकतं. अडलेला प्रश्न त्याच रात्री सोडवा. दुसऱ्या राउंडला तोच प्रश्न ‘मागच्या वेळी राहिला होता’ म्हणून परत विचारला जाऊ शकतो. आठवडाभर उत्तर आलं नाही तर रिक्रूटरला एकदा दोन ओळींचा मेल करा. नकार आला तर पुन्हा अर्ज कधी करता येईल ते त्याच मेलवर विचारून घ्या. बऱ्याच कंपन्या काही महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.